‘महाराजा’ पनवेलच्या वेशीवर : एअर इंडियाची नऊ दशके

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि पनवेलकरांच्या चौकशीचे विषय बदलले. पूर्वी आमच्या कार्यालयात दूरध्वनी येत ते पाणीकपात, लोकलचे वेळापत्रक आणि सिडकोच्या सोडतीविषयी. आता त्यांत एका प्रश्नाची भर पडली आहे : ‘एअर इंडियात भरती आहे का?’ त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न हमखास येतो : ‘ती सरकारी आहे की टाटांची?’

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते, पण ते अपुरे ठरते. एअर इंडिया ही आज टाटा समूहाच्या मालकीची कंपनी आहे आणि सिंगापूर एअरलाइन्सचा तीत २५.१ टक्के वाटा आहे. तथापि ‘एअर इंडिया’ हे नाव धारण करणारी, परंतु टाटांकडे न गेलेली सरकारी कंपनीही अस्तित्वात आहे, आणि विमानतळावरील नोकरीच्या जाहिराती बहुधा अशाच कंपन्यांच्या असतात. हा गुंता कसा निर्माण झाला हे समजून घ्यायचे तर या विमानकंपनीचा इतिहास पाहावा लागतो. तो मुंबईच्या चिखलातून सुरू होतो.

जुहूचे खाजण, पुण्याचे मैदान

कराचीहून निघालेले एक छोटे ‘पस मॉथ’ विमान अहमदाबादमार्गे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी दुपारी जुहूला उतरले. विमान चालवीत होते २८ वर्षांचे जे. आर. डी. टाटा. विमानात प्रवासी नव्हते, टपालाच्या थैल्या होत्या. लंडनहून ‘इंपीरियल एअरवेज’ने कराचीपर्यंत आणलेले टपाल मुंबईला आणि पुढे मद्रासला पोहोचवणे एवढेच या सेवेचे काम होते. पुढचा बेल्लारीमार्गे मद्रासचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट या ब्रिटिश वैमानिकाने पार पाडला. या सेवेची मूळ कल्पनाही व्हिन्सेंट यांचीच होती. टाटा सन्सने त्यासाठी दोन लाख रुपयांचे भांडवल दिले होते.

जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्रालगतचे खाजणच होते. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई. मग विमाने, वैमानिक आणि यांत्रिक असा सारा संसार पुण्याला हलवला जाई आणि येरवडा तुरुंगालगतच्या मैदानातून सेवा चालू राही. पहिल्या वर्षात कंपनीने १५५ प्रवाशांची वाहतूक केली. आज एका मध्यम आकाराच्या विमानात साधारण तेवढेच प्रवासी एका वेळी बसतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ च्या जुलैमध्ये, ‘टाटा एअरलाइन्स’चे रूपांतर सार्वजनिक मर्यादित कंपनीत झाले आणि तिला ‘एअर इंडिया’ हे नाव मिळाले. स्वातंत्र्यानंतर परदेशी सेवेसाठी ‘एअर-इंडिया इंटरनॅशनल’ स्थापन झाली. तीत केंद्र सरकारचा वाटा ४९ टक्के, टाटांचा २५ टक्के आणि उरलेला जनतेचा होता. सरकार आणि खासगी उद्योग यांची अशी भागीदारी त्या काळी नवलाचीच होती. ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे विमान ८ जून १९४८ च्या रात्री मुंबईहून निघाले आणि कैरो, जिनिव्हा करीत लंडनला पोहोचले. भारतीय कंपनीची युरोपला जाणारी ही पहिली नियमित सेवा होती.

राष्ट्रीयीकरण आणि भरभराट

युद्धानंतर स्वस्तात मिळालेली लष्करी विमाने घेऊन देशात अनेक कंपन्या निघाल्या होत्या. त्यांतील बहुतेक तोट्यात गेल्या. सरकारने १९५३ च्या कायद्यान्वये सर्वांचे राष्ट्रीयीकरण केले. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून देशांतर्गत वाहतूक ‘इंडियन एअरलाइन्स’कडे आणि परदेशी वाहतूक ‘एअर-इंडिया इंटरनॅशनल’कडे आली. जेआरडींना हा निर्णय मान्य नव्हता. तरीही पंडित नेहरूंच्या आग्रहावरून त्यांनी आंतरराष्ट्रीय महामंडळाचे अध्यक्षपद स्वीकारले आणि पंचवीस वर्षे ते विनावेतन सांभाळले. मालक सरकार आणि कारभारी टाटा अशी ही विचित्र रचना होती. पण एअर इंडियाचा उत्कर्षाचा काळ याच रचनेत गेला, हे आज सरकारीकरण आणि खासगीकरण यांवर तावातावाने बोलणाऱ्या दोन्ही बाजूंनी लक्षात घेण्यासारखे आहे.

कंपनीच्या ताफ्यात १९६० मध्ये बोईंग ७०७ हे जेट विमान दाखल झाले आणि त्याच वर्षी मेमध्ये न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. जून १९६२ मध्ये पंख्याची सर्व विमाने बाजूला करून केवळ जेट विमाने चालवणारी ती जगातील पहिली कंपनी ठरली. नावातील ‘इंटरनॅशनल’ हा शब्दही तेव्हाच गळाला. पहिले जंबो जेट, ‘एम्परर अशोक’, १९७१ मध्ये आले.

सेवेइतकीच ख्याती जाहिरातींची होती. पागोटे बांधलेला, टोकदार मिशांचा, कमरेत लवून नमस्कार करणारा ‘महाराजा’ जन्मला तो १९४६ मध्ये मुंबईत. कंपनीचे वाणिज्य अधिकारी बॉबी कूका यांची ही कल्पना आणि जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात संस्थेतील चित्रकार उमेश राव यांचे रेखाटन. वास्तविक तो एका टिपणवहीपुरताच काढला होता. पुढे तो कंपनीचा चेहराच झाला. कंपनीने भारतीय चित्रकारांची चित्रेही नेटाने जमवली. गायतोंडे, हुसेन, बी. प्रभा यांच्या कलाकृती त्या संग्रहात होत्या. जगप्रसिद्ध चित्रकार साल्वादोर दाली यांच्याकडून १९६७ मध्ये रक्षापात्राचे डिझाइन करून घेतले, तेव्हा मानधन म्हणून त्यांनी हत्तीचे पिल्लू मागितले आणि कंपनीने ते स्पेनला धाडले!

मुंबईकरांच्या मनावर मात्र कोरली गेली ती नरिमन पॉइंटची २३ मजली इमारत. १९७४ पासून तेथे मुख्यालय होते. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोट मालिकेत याच इमारतीच्या तळघरातील वाहनतळावर स्फोट होऊन वीस जण मृत्युमुखी पडले. मुख्यालय २०१३ मध्ये दिल्लीला हलवण्यात आले आणि खासगीकरणानंतर ते गुरुग्रामला गेले. इमारत टाटांना मिळालेली नाही. ती सरकारच्या वाट्याला राहिली आणि महाराष्ट्र शासनाने १,६०१ कोटी रुपयांना ती घेण्याचा निर्णय केला. केंद्राने मार्च २०२४ मध्ये त्याला संमती दिली. मंत्रालय परिसरातील जागेच्या टंचाईवर शासनाला त्यातून तोडगा मिळाला. या विमानकंपनीचा मात्र मुंबईतील ठळक पत्ता पुसला गेला.

अपघातांची नोंद

कोणत्याही विमानकंपनीचा परिचय तिच्या अपघातांखेरीज पूर्ण होत नाही. ‘मलबार प्रिन्सेस’ हेच विमान नोव्हेंबर १९५० मध्ये आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ शिखरावर आदळले आणि ४८ जण दगावले. जानेवारी १९६६ मध्ये त्याच शिखरावर ‘कांचनजंगा’ हे बोईंग ७०७ कोसळले. मृत ११७ जणांत अणुशास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा होते. १ जानेवारी १९७८ रोजी सांताक्रूझहून दुबईला निघालेले ‘एम्परर अशोक’ उड्डाणानंतर काही क्षणांतच वांद्र्यासमोरच्या समुद्रात पडले. विमानातील सर्व २१३ जण गेले. पुढच्याच महिन्यात जनता सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केले.

२३ जून १९८५ रोजी ‘कनिष्क’ या जंबो विमानात आयर्लंडजवळ आकाशात बॉम्बस्फोट झाला. कॅनडाहून लंडन, दिल्ली करीत ही सेवा मुंबईला यायची होती. ३२९ जणांचा बळी घेणारे हे कृत्य कॅनडातील खलिस्तानवादी अतिरेक्यांचे होते. उपकंपनी एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मे २०१० मध्ये मंगळूरला धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले आणि १५८ जण मरण पावले. केवळ आठ वाचले. ऑगस्ट २०२० मध्ये मुसळधार पावसात कोझिकोडला तसाच प्रकार घडला. त्यात मृत्युमुखी पडलेले कॅप्टन दीपक साठे हे हवाई दलातील माजी अधिकारी होते.

अलीकडची मोठी जखम १२ जून २०२५ ची. अहमदाबादहून लंडनकडे निघालेले बोईंग ७८७ उड्डाणानंतर अर्ध्या-पाऊण मिनिटातच वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ आणि जमिनीवरील १९, असे २६० जण गेले. कर्मचाऱ्यांमध्ये मुंबई, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील अनेक जण होते, त्यामुळे या भागात त्या बातमीचा चटका वेगळाच होता. दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा नियंत्रित करणारे खटके उड्डाणानंतर काही क्षणांतच ‘बंद’ स्थितीत गेल्याची नोंद जुलै २०२५ च्या प्राथमिक चौकशी अहवालात आहे. ते कसे आणि का घडले, याचा निष्कर्ष त्या अहवालात काढलेला नव्हता.

कुवेत ते कर्ज

सरकारी विमानकंपनी असण्याचा अर्थ काय, हे १९९० मध्ये दिसले. इराकने कुवेत गिळंकृत केल्यावर तेथे अडकलेले भारतीय बसने, मिळेल त्या वाहनाने जॉर्डनची राजधानी अम्मान येथे पोहोचले. तेथून एअर इंडियाने इतर विमानांच्या साहाय्याने ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या करून एक लाख अकरा हजारांहून अधिक लोकांना मायदेशी आणले. नागरी विमानांनी केलेली ही सर्वांत मोठी सुटका म्हणून गिनीज बुकात नोंदली गेली. आखातात गेलेल्या कोकणी कुटुंबांत त्या दिवसांच्या आठवणी आजही सांगितल्या जातात.

परंतु त्यानंतरच्या दोन दशकांत घसरण झाली. १९९० च्या दशकात खासगी कंपन्यांना आकाश खुले झाले. आखाती कंपन्यांनी दुबई, दोहा ही केंद्रे उभारून भारतीय प्रवासी तेथे वळवले. याच सुमारास, २०००-०१ मध्ये, टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्स यांनी एअर इंडियाच्या ४० टक्के हिश्शासाठी उत्सुकता दाखवली होती. राजकीय विरोध झाला, सिंगापूरने सप्टेंबर २००१ मध्ये माघार घेतली आणि विषय मिटला. त्या वेळी जे टाळले, तेच वीस वर्षांनी कितीतरी पट कर्ज झाल्यावर करावे लागले.

कर्जाची मुळे दोन निर्णयांत सापडतात. पहिला म्हणजे एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांनी मिळून नोंदवलेली १११ नव्या विमानांची मागणी. तिचा बहुतेक पैसा कर्जाऊ होता. दुसरा निर्णय २००७ मधील विलीनीकरणाचा. दोन्ही कंपन्यांची विमाने वेगळी, वेतनश्रेणी वेगळ्या, बढतीचे नियम वेगळे आणि संघटनाही वेगळ्या. एकाच गणवेशातील दोन वैमानिकांना निरनिराळे वेतन मिळू लागले. बोईंग ७८७ च्या प्रशिक्षणात कोणाला प्राधान्य, या वादातून २०१२ मध्ये वैमानिकांचा संप जवळजवळ दोन महिने चालला. सरकारने त्याच वर्षी सुमारे तीस हजार कोटींचे पुनरुज्जीवन पॅकेज मंजूर केले. पैसे येत राहिले आणि मुरत राहिले. ७६ टक्के हिस्सा विकण्याचा २०१८ चा प्रयत्न तर असा फसला की एकही बोली आली नाही.

विक्री आणि वाटणी

अखेर ८ ऑक्टोबर २०२१ रोजी टाटा सन्सच्या ‘टॅलेस’ या कंपनीची १८ हजार कोटींची बोली स्वीकारण्यात आली. यात रोख रक्कम फक्त २,७०० कोटींची होती. उरलेले १५,३०० कोटी म्हणजे टाटांनी अंगावर घेतलेले कर्ज. त्या वेळी एकूण कर्ज व देणी ६१,५६२ कोटी होती. म्हणजे ४६ हजार कोटींहून अधिक बोजा सरकारच्या, पर्यायाने करदात्यांच्या डोक्यावर राहिला. प्रत्यक्ष हस्तांतर २७ जानेवारी २०२२ रोजी झाले.

कर्जबाजारी कंपनीत टाटांना काय दिसले? विमाने १४१ होती, पण त्यांतली बरीच जुनाट आणि काही तर जमिनीवरच उभी. खरे मोल होते ते ‘स्लॉट’चे, म्हणजे गजबजलेल्या विमानतळावर ठराविक वेळी उतरण्याच्या व उडण्याच्या हक्काचे. देशातील विमानतळांवर देशांतर्गत उड्डाणांचे ४,४०० आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणांचे १,८०० स्लॉट, शिवाय परदेशांत ९०० स्लॉट कंपनीकडे होते. लंडनच्या हीथ्रोसारख्या ठिकाणी हे हक्क नव्याने मिळणे जवळपास अशक्य असते.

आता ज्या गुंत्याचा उल्लेख वर केला, त्याकडे वळू. विक्रीत टाटांकडे गेले ते तीन घटक : एअर इंडिया, एअर इंडिया एक्स्प्रेस आणि विमानतळावरील सेवा पुरवणाऱ्या ‘एअर इंडिया सॅट्स’मधील निम्मा हिस्सा. सरकारने स्वतःकडे ठेवले ते असे : एआय इंजिनीअरिंग सर्व्हिसेस, एआय एअरपोर्ट सर्व्हिसेस, प्रादेशिक सेवा देणारी अलायन्स एअर आणि हॉटेल कॉर्पोरेशन. या कंपन्या ‘एआय असेट्स होल्डिंग’ या सरकारी कंपनीखाली आहेत. नागपूरच्या मिहानमधील विमानदुरुस्ती केंद्रही सरकारच्याच अभियांत्रिकी कंपनीकडे राहिले.

नावांतील हे साधर्म्य तरुणांना महागात पडते. जुलै २०२४ मध्ये कलिना येथे विमानतळावरील हमाल व तत्सम कामांच्या सुमारे दोन हजार जागांसाठी थेट मुलाखती जाहीर झाल्या, तेव्हा हजारोंची झुंबड उडाली. चेंगराचेंगरीसारखी स्थिती झाल्यावर अर्ज ठेवून परत जाण्यास सांगण्यात आले. दूरदूरच्या जिल्ह्यांतून रात्रीच्या गाडीने आलेली मुले त्यांत होती. ही भरती एआय एअरपोर्ट सर्व्हिसेसची, म्हणजे सरकारी मालकीच्या कंपनीची आणि मुदतीच्या करारावरची होती. ना टाटांची नोकरी, ना जुन्या अर्थाने कायम सरकारी नोकरी. जाहिरात वाचताना कंपनीचे पूर्ण नाव, करार किती वर्षांचा आणि काम विमानकंपनीचे की जमिनीवरील सेवेचे, या तीन गोष्टी पनवेल-उरणच्या पालकांनी आवर्जून पाहाव्यात.

टाटांच्या हाती आल्यावर

हस्तांतरानंतर कंपनीने विस्ताराचा सपाटा लावला. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअरबस आणि बोईंगकडे मिळून ४७० विमानांची मागणी नोंदवण्यात आली, पुढील वर्षाच्या अखेरीस आणखी १०० एअरबसची. ऑगस्ट २०२३ मध्ये नवे बोधचिन्ह आले. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पूर्वाश्रमीची एअरएशिया इंडिया ही एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये, तर १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा ही एअर इंडियात विलीन झाली. विस्तारामुळेच सिंगापूर एअरलाइन्सला तो चतुर्थांश वाटा मिळाला. परिणामी समूहाचे आज दोन भाग आहेत : पूर्ण सेवेची एअर इंडिया आणि स्वस्त दराची एक्स्प्रेस.

जुन्या विमानांतील मोडकी आसने आणि बंद पडदे यांविषयी प्रवाशांच्या तक्रारी मात्र लगेच थांबल्या नाहीत. नवी विमाने मागणी करताच मिळत नाहीत. जगभर रांग आहे. त्यात एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केल्याने युरोप-अमेरिकेच्या फेऱ्या लांबल्या व महागल्या, आणि दोनच महिन्यांनी अहमदाबाद घडले.

पनवेलला काय मिळणार?

पुन्हा आपल्या दाराशी येऊ. नवा विमानतळ पनवेल तालुक्यात १,१६० हेक्टरांवर उभा आहे. अदानी समूहाचा ७४ व सिडकोचा २६ टक्के वाटा आहे. ३,७०० मीटरची धावपट्टी आणि वर्षाला दोन कोटी प्रवाशांची क्षमता हा पहिला टप्पा. अंतिम उद्दिष्ट नऊ कोटींचे. त्यासाठी उलव्याची टेकडी सुरुंगांनी फोडली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, खाजणावर भराव टाकला. नव्वद वर्षांपूर्वी जुहूच्या खाजणातून पावसाळ्यात पळ काढणारी विमानवाहतूक आता खाजण उंच करून तेथेच मुक्कामाला आली आहे.

चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वाघिवली, उलवे आदी दहा गावे त्यासाठी उठली. आगरी-कोळी कुटुंबांना साडेबावीस टक्के विकसित भूखंडांचे पॅकेज मिळाले. या हक्कामागे १९८४ च्या जासई आंदोलनाची आणि त्यात गोळीबारात गेलेल्या पाच शेतकऱ्यांची पूर्वपीठिका आहे. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील यांचे नाव विमानतळाला द्यावे, असा ठराव विधिमंडळाने २०२२ मध्ये केला.

पहिल्या दिवशी येथून उडालेल्या चार कंपन्यांत इंडिगो, अकासा आणि स्टार एअर यांच्यासह एअर इंडिया एक्स्प्रेस होती. समूहाने विमानतळ सुरू होण्यापूर्वी जाहीर केलेल्या आराखड्यात सुरुवातीस १५ शहरांसाठी रोज २० आणि २०२६ च्या मध्यापर्यंत रोज ५५ उड्डाणे होती, त्यांत पाच आंतरराष्ट्रीय. एक्स्प्रेसची उभारणीच २००५ मध्ये केरळ-आखात या मार्गावर झालेली. त्यामुळे येथील आखाती सेवेकडे सर्वांत उत्सुकतेने पाहणारा वर्ग आहे तो महाड, म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड आणि खाली रत्नागिरीपर्यंतचा. या गावांतून दुबई-मस्कतला निघालेला माणूस महामार्गाने पनवेलला येतो आणि तेथून सहारपर्यंत वाशीची खाडी, मानखुर्द, कुर्ला अशी दोन-तीन तासांची रखडपट्टी करतो. विमानाचा वेळ तेवढाच लागतो, असे तो गमतीने म्हणतो. पनवेलहून थेट विमान मिळाले तर त्याचा अर्धा दिवस वाचेल.

नोकऱ्यांचे गणित वेगळे आहे. वैमानिक आणि हवाई सेवकांची निवड कंपनी देशभरातून करते. स्थानिकांच्या वाट्याला प्रामुख्याने सामान हाताळणी, सुरक्षा, स्वच्छता, खानपान आणि मालवाहतूक ही कामे येतात. ती विमानकंपन्या स्वतः न करता कंत्राटदार संस्थांकडून करून घेतात. प्रकल्पग्रस्त संघटनांचा आग्रह आहे तो या संस्थांत भूमिपुत्रांना प्राधान्य देण्याचा आणि विमान देखभालीसारख्या कुशल कामांचे प्रशिक्षण येथेच उपलब्ध करून देण्याचा. विमान देखभाल अभियंत्याच्या परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित लागते आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा द्याव्या लागतात. उलवे-पनवेलच्या महाविद्यालयांत आज विज्ञान शाखेला बसलेल्या मुलामुलींपुढे हा मार्ग खुला आहे.